सत्तरपर्यंत नको

ता. माण, जि. सातारा
१२ मार्च २०२५

चि. आशूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन बंद झाला तो रेंजमुळे नाही, मी ठेवला. पिंट्याला रेंजचं सांगितलं, तुला खरं सांगते. आता वहीच्या कागदावर लिहितेय, तो फोटो काढून पाठवील. वाचू नको म्हटलंय त्याला. वाचणारच तो.

मी रागावले नव्हते. म्हणजे रागावले होते, पण तुझ्यावर नाही. तू इतकं सहज म्हणालीस, "आई, ऑक्सिमीटरच्या चाचणीला पुढच्या महिन्यात मीच झोपणारे त्या टेबलावर, रक्तातला ऑक्सिजन सत्तरपर्यंत उतरवतात आणि परत वर आणतात." जसं कुणी म्हणावं, दहिवडीला बाजाराला जाऊन येते. तुझ्यासाठी सत्तर हा आकडा आहे. मला सत्तर म्हटलं की खालच्या आळीच्या काकू दिसतात, ओठ निळे पडलेल्या, आणि तरी "चहा घेऊन जा गं" म्हणणाऱ्या.

असो. तो विषय आज काढायचा नाही असं ठरवून बसलेय.

उद्या होळी. पुरण नानाच वाटणार म्हणतात, बघू. तू पाठवलेलं घड्याळ ते धारा काढताना उतरवून गोठ्याच्या खुंटीला अडकवतात, त्यामुळे तुला दिसलं नसेल काही, घाबरू नकोस. परवा पिंट्याने ते आजीच्या मनगटावर बांधलं, तर ठोकेच दाखवेना. आजी म्हणाली, "मेले का काय मी?" सगळे हसलो. मग लक्षात आलं, तिथे तिचं तुळशीचं गोंदण आहे. घड्याळाच्या पोटातला तो हिरवा उजेड शाई गिळून टाकते, असं तूच म्हणाली होतीस ना? दुसऱ्या हाताला, कोऱ्या जागी बांधलं तर दाखवले, ७८. आजीला वाटतंय उजव्या हातालाच जीव आहे.

तू सांगतेस ते मी डायरीत लिहून ठेवते, आमच्या रिपोर्टाच्या मागच्या पानांवर. बोटाच्या मशीनमध्ये, म्हणजे ऑक्सिमीटरमध्ये, दोन उजेड, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा. ऑक्सिजनचं रक्त एकाला जास्त जाऊ देतं, बिनऑक्सिजनचं दुसऱ्याला. त्या दोघांच्या हिशोबातून आकडा येतो. १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागींनी ते शोधलं, आणि एप्रिल २०२० मध्ये, सगळं जग ते मशीन धुंडाळत होतं तेव्हा, ते गेले. हे तू सांगितलंस त्या दिवशी मी जेवताना नानांना सांगितलं, तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

तू चार वर्षांची असताना लाईट गेली की गोधडीत बॅटरी घेऊन बसायचीस. मुठीत धरायचीस आणि ओरडायचीस, "आई, माझ्या हातातलं रक्त पेटलं!" मी सेल संपतील म्हणून रागवायचे. आता त्याच खेळाचे तुला तिकडे डॉलर देतात. नशीब बघ, मी सेल वाचवत बसले.

मिशिगनच्या डॉक्टरांचं तू सांगितलंस ते मात्र लिहिताना माझा हात थांबला. डिसेंबर २०२० मध्ये छापून आलं ते. मशीन ९२ ते ९६ दाखवतंय, आणि धमनीतलं रक्त काढून बघितलं तर ८८ च्याही खाली. असं गोऱ्या पेशंटांत शंभरात चारही नाहीत, काळ्यांत जवळजवळ बारा. आणि त्यांना ते शोधायची बुद्धी कशाने झाली, तर एम.आय.टी.मधल्या मानववंशशास्त्राच्या एका बाईंनी, एमी मोरन-थॉमस यांनी, ऑगस्टमध्ये लेख लिहिला होता म्हणून. नवऱ्याला कोविड झाला, घरात मशीन आणलं, आणि या बाईंना प्रश्न पडला की हा उजेड सगळ्या कातड्यांतून सारखा जातो का. डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही. घरातली बाई. प्रश्न पडला आणि तिने विचारला.

मला का नाही पडला गं?

१५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं आम्ही दारोदार सुरू केलं. गळ्यात ओळखपत्र, एका हातात तापाची बंदूक, दुसऱ्यात ते पांढरं चिमट्यासारखं मशीन. नखाला मेंदी असली की दुसरं बोट बघायचं, बोट गार असलं की चोळायचं, हे शिकवलं होतं आम्हाला. रंगाचं कुणी बोललं नाही. आणि तू म्हणतेस २००५ साली तुमच्या सॅन फ्रान्सिस्कोतच हे मोजून झालेलं होतं, की कातडी जितकी काळी आणि ऑक्सिजन जितका खाली, तितकं मशीन जास्त चढवून दाखवतं. पंधरा वर्षं, आशू. पंधरा वर्षांत एक ओळ त्या खोक्यावर छापता आली नाही?

एप्रिल २०२१ मध्ये आप्पामामाला संध्याकाळी ९५ दाखवलं. मीच लावलं होतं. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी ९४ होतं, ९४ च्या खाली गेलं की पळायचं. मी वहिनीला म्हटलं, पालथं झोपवा, सकाळी बघू. सकाळी काय बघितलं ते तुला माहीत आहे.

मशीनमुळे झालं असं तू कधी म्हणाली नाहीस, मीही म्हणत नाही. सेल उतरलेले होते, बोट गार होतं, आणि ज्याच्यावर जायची वेळ येते त्याला कारण लागत नाही. पण तू हाच विषय घेतलास, बर्कलीत दुसरे शंभर विषय असताना, आणि मला सांगतेस "आई, आप्पामामासाठी नाही गं." बरं. नसेल.

ती दहा रंगांची पट्टी पाठवली होतीस ना, हार्वर्डच्या एलिस मंक यांची, त्यात मी सगळ्यांना बसवून बघितलं. कातडीचे रंग लावायला समाजशास्त्राचा माणूस लागला हेही मला आवडलं. पिंट्या पाचवा, माझ्यावर गेलाय. नाना सातवे, शेतामुळे. तू आठवी. आप्पामामाचा फोटो शेजारी ठेवून बघितला, तोही आठवा. तू झालीस तेव्हा तुझी आत्या पाळण्यात वाकून म्हणाली होती, "मामाचा रंग उचलला पोरीने." मामाने तेव्हा सगळ्या वाडीत पेढे वाटले.

मी मात्र तुला साय लावली. डाळीचं पीठ, हळद, दर रविवारी. उन्हात खेळू नको म्हणून मारलंसुद्धा एकदा, अंगणात. वाईच्या स्थळाचं तुला अजून कळलेलं नाही असं मला वाटायचं, पिंट्याने सांगितलं की तुला कळलंय. आणि आता तू म्हणतेस की तिथे टेबलावर झोपायला गोरी पोरं पायलीला पन्नास मिळतात, आठव्या-नवव्या रंगाची माणसं मिळत नाहीत, म्हणून तू जातेस. आधी दहाबारा जणांवर मशीन पास व्हायचं, त्यात काळी कातडी दोघांची असली तरी चालायची. या जानेवारीत एफडीएने, म्हणजे तिकडच्या औषधं-मशीनं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, जो मसुदा काढला त्यात दीडशे माणसं म्हटलीत, आणि सगळ्या रंगांची. म्हणजे कुणीतरी जायलाच हवं. हे मला पटतं. पटतं म्हणूनच फोन ठेवला.

पण तूच का?

बघ, काढलाच विषय. आता काढलाय तर सांगते. तू रात्री अडीचला जेवतेस, आणि काय जेवतेस तर डब्यातली ती थंड पानं. बर्कलीहून पलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला जायला-यायला वेळ जातो म्हणून सकाळचं खातच नाहीस. आईला शिकवायचं आणि स्वतः उपाशी राहायचं हे कुठलं शास्त्र? मी गावातल्या पोरींना लोहाच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावते, आणि माझी पोर... जाऊ दे. चुकलं. सव्वीस वर्षांची आहेस, शिष्यवृत्तीवर गेलीस, आमचा रुपया घेतला नाहीस. परवा गटाच्या मीटिंगमध्ये डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमची मुलगी ते ऑक्सिमीटरचं संशोधन करते ना?" मी नुसती मान हलवली. घरी येऊन दार लावून रडले. कशाला ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता येत नाही.

तू सांगितलेली पद्धत मी पुन्हा लिहून काढली, बरोबर आहे का बघ. मनगटाच्या धमनीत सुई. नाकाला चिमटा, तोंडाने नळीतून श्वास. ऑक्सिजन पायरीपायरीने कमी, दर पायरीला थोडं थांबून रक्त काढायचं. डॉक्टर उशाशी बसलेला. सत्तरजवळ थोडाच वेळ, आणि मग दोन श्वासांत वर. हे सगळं मला समजलं. तुझ्या अंगावर मशीनं लावतील आणि प्रत्येकाचा आकडा रक्ताशी ताडून बघतील, हेही समजलं. खालच्या आळीच्या काकूंच्या उशाशी कुणी नव्हतं, तुझ्या उशाशी आहे, हा फरक मला कळतो. रात्री कळत नाही.

पंचाहत्तरवर नाही का थांबवता येत? त्यांना विचार. विचारायला काय जातं.

सुई कुठल्या हातात घालणार तेही विचार. उजव्यात नको, लिहायचा हात आहे. सुई काढल्यावर ते दाबून धरतील, घाई करून उठू नकोस. बरोबर कुणीतरी असू दे, ती केरळची मैत्रीण असली तरी चालेल. वार आणि वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे कळव. नानांना सांगणार नाही, ते गोठ्यात जाऊन बसतील. झाल्यावर फोन कर, रात्र असली तरी.

मेतकूट आणि कुरडया आत्याच्या दिराबरोबर पाठवल्यात, तो २० तारखेला निघतोय.

आणि हे राहिलं. नाव नोंदवायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घे आणि आकडा मला पाठव. बाराच्या खाली असलं तर त्यांना स्पष्ट सांग, आमच्या गावच्या आशाताईने परवानगी दिली नाही.

तुझी,
आई