आमटीतला गूळ आणि टाकलेला गळ

प्रिय अनघा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पाककृतींच्या फेसबुक ग्रुपवरचं भांडण वाचलं. ‘आमटीत गूळ घालणाऱ्यांनी आम्हाला स्वयंपाक शिकवू नये’ एवढं एक वाक्य टाकून तो गृहस्थ बाजूला झाला, आणि खालच्या ४७ प्रतिक्रिया तुमच्या आपापसातल्या! आमटी तिसऱ्या प्रतिक्रियेतच संपली होती, पुढे नुसती जात आणि जिल्हे.

लोकांना मुद्दाम डिवचून भांडायला लावणारा असा माणूस म्हणजे ट्रोल. हा शब्द ऐकला की युरोपातल्या लोककथांतला त्याच नावाचा राक्षस डोळ्यांपुढे येतो. पण इंटरनेटवरचं ‘ट्रोलिंग’ मासेमारीतल्या शब्दाला जवळचं आहे: चालत्या होडीमागून आमिष लावलेली दोरी ओढत न्यायची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यूजनेटवर (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांवर) जुनी मंडळी चावून चोथा झालेले प्रश्न मुद्दाम विचारत आणि कोण नवखा गळाला लागतो ते बघत. तेव्हा तो खोडसाळपणा होता, आता त्यात विखार आला, युक्ती मात्र तीच.

तिरकस बोलणारा प्रत्येक जण ट्रोल नसतो, हेही खरं. एकच नेमका प्रश्न विचार: ‘कृतीतली कुठली पायरी चुकली?’ खरोखर वैतागलेला माणूस सांगेल, ‘चिंच आधी घातलीत, डाळ शिजणार कशी?’ (आणि त्याचं बरोबर असेल.) ट्रोल विषय बदलेल किंवा तुझ्यावर घसरेल. मग दुसरा प्रश्न विचारू नकोस. उत्तर द्यायचंच तर एकदा, दोन ओळींत, आणि तेही वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. लांबलचक खुलासा केलास की त्यातला एक शब्द पकडून तो पुन्हा सुरू होतो.

अ‍ॅडमिन म्हणून क्रम चुकवू नकोस. आधी स्क्रीनशॉट: तारीख, वेळ आणि वरची दोन-चार वाक्यं दिसायला हवीत. प्रोफाइलची लिंक वेगळी उतरवून ठेव. नाव तो कधीही बदलेल, आणि ब्लॉक केल्यावर ते पान तुलाच दिसणार नाही. मग पोस्टवरच्या प्रतिक्रिया बंद कर, तक्रार नोंदव, आणि शेवटी त्याला काढ. मूळ प्रतिक्रिया घाईने उडवलीस तर तिच्याखालची सगळ्यांची उत्तरंही जातात, आणि मग ‘माझं का काढलं?’ म्हणून नवं भांडण उभं राहतं.

पोलिसांत जायचं का, असं विचारलंस. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह संदेशांबद्दलचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, त्यामुळे निव्वळ खवचट बोलण्यावर ते लावता येत नाही. धमकी आली (भारतीय न्याय संहिता, कलम ३५१) किंवा नको सांगूनही कुणी बाईच्या मागे ऑनलाइन लागला (कलम ७८), तर मात्र थांबू नकोस. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार कर, आणि मूळ संदेश फोनमधून पुसू नकोस. नुसत्या स्क्रीनशॉटवर पुढे शंका घेतली जाते.

आणि हो, सुमनमावशी त्या गुळाच्या वाक्याखाली अजून उत्तर लिहितायत. आधी त्यांना फोन कर.

तुझी,
मेधा