समोरचा वाजवत असताना आपण थांबायचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या दैनिकात डॉल्बीविषयीची पत्रे येऊ लागतात आणि त्यांत दोनच सूर असतात: डॉल्बी कायमची बंद करा, नाहीतर वर्षातून एकदा पोरांना वाजवू द्या. मी सांगलीत सत्तावीस वर्षे लाउडस्पीकर आणि साउंड भाड्याने देण्याचा व्यवसाय करतो, त्यामुळे या दोन्ही पक्षांच्या शिव्या मला खाव्या लागल्या आहेत. (डॉल्बी हे ज्या कंपनीचे नाव, तिचा आमच्या या खोक्यांशी काडीचाही संबंध नाही, पण आता ते नाव पुसता येणार नाही.) आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. आमच्या धंद्यातली तरुण मुले अलीकडे असे सांगू लागली आहेत की दोन डॉल्बी समोरासमोर लावून भिडवणे हे एकट्या सांगली-मिरजेचे वेड नसून जमैकात त्याला ‘साउंड क्लॅश’ म्हणतात, आणि ज्या रेगे संगीताभोवती ते चालते त्या संगीताला युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आहे. हे खरे आहे. मात्र ते अर्धेच सांगितले जाते.

जमैकातल्या किंग्स्टन शहरात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात गरीब वस्त्यांतल्या लोकांना वाद्यवृंदाचा कार्यक्रम परवडत नसे, म्हणून मोकळ्या अंगणात मोठे स्पीकर लावून अमेरिकन तबकड्या वाजवायच्या, दारात तिकीट घ्यायचे आणि आत पेये विकायची, अशी पद्धत पडली. टॉम वाँग नावाच्या हार्डवेअर दुकानदाराचा ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’ हा पहिल्या नामांकित ‘साउंड’पैकी, म्हणजे तबकड्या वाजवणाऱ्या ताफ्यांपैकी, एक. त्याचा ॲम्प्लिफायर हेडली जोन्स यांनी बांधला होता, आणि हे जोन्स ब्रिटिश हवाई दलात रडारचे काम शिकून आलेले होते. पुढे माजी पोलीस आणि दारूच्या दुकानाचे मालक ड्यूक रीड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी कॉक्सन डॉड यांची चुरस लागली. ती कशावर लागली, हे आमच्या मुलांनी नीट पाहावे. दुसऱ्याकडे नाही अशी तबकडी आपल्याकडे असणे, हीच त्यांची इभ्रत होती. तबकडीवरचे लेबल खरवडून टाकले जाई, म्हणजे गाणे कोणाचे आहे हे समोरच्याला कळू नये. विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची एक तबकडी कॉक्सन यांनी अशीच स्वतःच्या नावाने मिरवली होती. ड्यूक रीड यांनी तिचा माग काढून ती आपल्या साउंडवर वाजवली तेव्हा कॉक्सन यांना भोवळ आली, असे सांगतात. अमेरिकेतून हवा तसा माल मिळेना तेव्हा ही मंडळी स्थानिक गायक-वादकांना घेऊन स्वतःच ध्वनिमुद्रण करू लागली. कॉक्सन यांचा स्टुडिओ वन १९६३ मध्ये उभा राहिला, आणि स्का, रॉकस्टेडी व रेगे ही सारी या चढाओढीच्या पोटी आली.

क्लॅशचे नियम तर आपल्याकडच्या मंडळांनी भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत. दोन्ही साउंड एकाच आवारात असतात, पण एक वाजवतो तेव्हा दुसरा बंद असतो. ठरलेल्या वेळेच्या फेऱ्या होतात आणि शेवटच्या फेरीत दोघांनी एकेक गाणे आळीपाळीने वाजवायचे असते. समोरच्याने वाजवून झालेले गाणे पुन्हा वाजवणे ही तिथे नामुष्की, काही ठिकाणी तर थेट हार. खरे हत्यार म्हणजे ‘डबप्लेट’: नामवंत गायकाकडून आपल्या साउंडचे नाव घालून खास गाऊन घेतलेली, जगात एकच असलेली तबकडी. गाणे निवडणारा तो ‘सिलेक्टर’, आणि माइकवर समोरच्याची खिल्ली उडवत बोलणारा तो ‘डीजे’. (आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हेच; ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली खोकी म्हणजे डीजे.) निकाल जमलेले लोक देतात. योकोहामाच्या ‘मायटी क्राउन’ या जपानी साउंडने १९९९ मध्ये न्यूयॉर्कची वर्ल्ड क्लॅश जिंकली. त्या गाण्यांची भाषा ज्यांची मातृभाषा सुद्धा नाही अशा परक्या मुलांना त्या जाणत्या गर्दीने कौल दिला, तो खोकी मोजून नव्हे.

आता आपल्याकडचे पाहा. दोन मंडळे चौकात समोरासमोर येतात, दोघेही एकाच वेळी वाजवतात, आणि एकाचेही गाणे कोणाला ऐकू येत नाही. मी स्वतः अशा दोन-तीन चढाओढींत साउंड दिला आहे आणि माझ्याच मिक्सरपाशी उभा राहून मला माझे गाणे ओळखता आलेले नाही. शिवाय ही चढाओढ हिशेबातही बसत नाही. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा तर सुमारे दहा डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे ताकद दहापट हवी. डिझेल, जनरेटर आणि भाडे यांत वर्गणी जाते आणि पदरात कानातली शिट्टी पडते. पन्नास हर्ट्झच्या बेसची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. ती पेठेतल्या गल्लीत भिंतीला अडत नाही, घरात शिरते. किंग्स्टनचे अंगण आणि आमची गल्ली यांत हाही फरक आहे.

जमैकावाले साधुसंत होते असे माझे म्हणणे नाही. प्रतिस्पर्ध्याचा जलसा उधळायला तिथेही गुंड पाठवले जात, माइकवरची भाषा अनेकदा ऐकवत नाही, आणि शेजाऱ्यांच्या झोपेसाठी तिथल्या संसदेला १९९७ मध्ये कायदा करावा लागला. मला त्यांच्याकडून घ्यायची आहे ती एकच गोष्ट, आळीपाळी. आणि ती तरी परकी कुठे आहे? आपल्या भागातल्या भेदिक शाहिरीत कलगीवाले आणि तुरेवाले रात्र-रात्र समोरासमोर बसत. एका बाजूने कोडे घालायचे, दुसऱ्या बाजूने डफ-तुणतुणे खाली ठेवून ते ऐकायचे आणि मग उत्तर द्यायचे. ऐकलेच नाही तर उत्तर कशाचे देणार? वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांनी ज्या तमाशात नाव काढले, त्यातले सवाल-जवाबही याच रीतीचे. मंडळाचे नाव घातलेला ट्रॅक करून घेण्याची हौस आमच्या मुलांना आहेच, म्हणजे डबप्लेटचे बीही इथे पडलेले आहे.

म्हणून मंडळांना माझी सूचना आहे की विसर्जन मिरवणुकीत डॉल्बी भिडवू नये. चढाओढ हवीच असेल तर ती उत्सवाच्या आधी, वस्तीपासून दूर मैदानावर, रीतसर परवानगी काढून, रात्री दहाच्या आत आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा पाळून घ्यावी. फेऱ्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या असाव्यात, समोरच्याची फेरी चालू असताना ज्याचा जनरेटर चालू दिसेल तो बाद व्हावा, आणि दोघांना खोकी सारखीच द्यावीत. अशी चढाओढ कोणी ठरवली तर माझा एक सेट मी भाडे न घेता देईन.

आपल्यालाही एक विनंती. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी कोणत्या मंडळाने बेसची किती आणि टॉपची किती खोकी आणली, हे आकडे आपल्या बातमीत ठळक येतात; मुले ते कात्रण जपून ठेवतात आणि पुढच्या वर्षी माझ्याकडे त्याहून दोन जास्त मागतात. यंदा आकड्यांच्या जागी कोणी कोणती गाणी वाजवली, ते छापून पाहावे.

आपला,
एक लाउडस्पीकर व्यावसायिक, सांगली