माझ्या वहीत एकदाही पेन न टेकवणाऱ्या मुलीला

प्रिय बाळ,

समोर उभं राहून आभार मानले तर तू "काय हो काकू" म्हणशील आणि जिना उतरून निघून जाशील. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुझं नाव घालत नाही, तुला ते आवडायचं नाही. पण इचलकरंजीतल्या आपल्या गल्लीत हे पत्र कुणासाठी आहे ते न सांगताही कळेल.

वडील आजारी पडले आणि नववीनंतर माझी शाळा सुटली. त्यानंतर २२ वर्षं शिलाई मशीन. फॉर्म नंबर १७ भरून दहावीला बाहेरून बसायचं ठरवलं तेव्हा मराठीची, इतिहासाची धास्ती नव्हती. धास्ती होती ती गणिताच्या दोन पेपरांची, बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी ४० गुण, दोन-दोन तास. पुस्तक उघडायचे आणि मिटायचे. तू तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. तुझा स्वतःचा अभ्यास असताना रात्री साडेनऊला, शेजारच्या मागांचा खडखडाट चालू असताना, माझ्या कटिंगच्या टेबलाशी येऊन बसायचीस.

पहिल्याच आठवड्यात क्ष² − ३क्ष − १० = ० वर अडले. १० म्हणजे ५ गुणिले २, इथवर आलं. (क्ष + ५)(क्ष − २) असे कंस मांडले आणि उणे ५ आणि २ अशी उत्तरं लिहून मोकळी झाले. तू वही बघितलीस, चूक कुठं आहे ते काही सांगितलं नाहीस. "काकू, २ घालून ताळा करा," एवढंच म्हणालीस. केला. ४ वजा ६ वजा १०. उणे १२ आले, शून्य काही येईना. तू गप्प बसून होतीस. बराच वेळ गेला. मग मीच चिन्हं बदलून पाहिली, ५ आणि उणे २. पाचाचा ताळा, २५ वजा १५ वजा १०, शून्य. उणे दोनाचा, ४ अधिक ६ वजा १०, तेही शून्य. आपलं उत्तर बरोबर आहे हे कुणालाही न विचारता मला आयुष्यात पहिल्यांदा त्या रात्री समजलं. बाळ, त्याचं मोल तुला कसं सांगू?

शिवण शिकायला येणाऱ्या मुलींच्या हातातलं कापड मी पटकन ओढून घ्यायचे आणि टाका मीच घालून द्यायचे. तुझं बघून ते सोडलं. जड जातं, पण सोडलं.

समरूपतेच्या धड्याला मी तुला विचारलं होतं, ३२ चा ब्लाउज आणि ४० चा ब्लाउज समरूप म्हणायचे का? आकार तर तोच. तू पाठीमागं टांगलेले कागदी नमुने काढायला लावलेस आणि टेप माझ्याच हातात दिलीस. छातीचा चौथा भाग ८ आणि १०, म्हणजे चारास पाच. मग उंची. छोट्याची १४ इंच, त्याच प्रमाणात मोठ्याची साडेसतरा हवी होती. होती १५. तर नाहीत समरूप! इतकी वर्षं ती मापं या हातांनी कापली, पण माणसाचं अंग सगळीकडून एकाच प्रमाणात वाढत नाही हे मी आकड्यात कधी बघितलं नव्हतं. पताकांचं मात्र जमलं. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं, म्हणजे बाजू दुप्पट केली की कापड चौपट. एका गणेशोत्सवाच्या ऑर्डरीत कापड दुपटीच्या हिशोबानं आणून मी तोंडघशी पडले होते. त्याचं कारण १० वर्षांनी तुझ्यासमोर बसून सापडलं.

सांख्यिकीत सूत्रं पाठ झाली, पण मध्य म्हणजे सरासरी आणि मध्यक म्हणजे चढत्या क्रमातला मधला आकडा, हे दोन्ही कशाला, ते कळेना. तू माझी हिशोबाची वही मागितलीस. पाच आठवड्यांची कमाई १२००, १३००, १४००, १५०० आणि दिवाळीच्या आठवड्यात ४६००. मध्य आला २०००. "यातल्या किती आठवड्यांत २००० मिळाले?" तू विचारलंस. एका दिवाळीच्याच आठवड्यात, तेही दुपटीहून जास्त. बाकी चारांत त्याच्या जवळपासही नाही. मध्यक, मधला आकडा, १४००. तेव्हापासून घरखर्च मी १४०० धरूनच बसवते, आणि महिन्याच्या शेवटची उसनवारी थांबली आहे.

गणितात ८० पैकी ५१ मिळाले. निकालाच्या दिवशी तू पुण्यात होतीस, एमएस्सीच्या प्रवेशासाठी गेलेली. फोनवर तू आधी रडलीस, मग मी.

फी घेतली नाहीस. ब्लाउज शिवून देते म्हटलं तर "परीक्षा होऊ दे" म्हणालीस. परीक्षा झाली, निकालही लागला. निळ्या खणाचं कापड आणून ठेवलंय. माप जुनं आहे, तिथल्या मेसच्या जेवणानं वाळली असशील. दिवाळीला आलीस की आधी माझ्याकडं ये, टेप घेऊन बसलेय.

तुझी,
वरच्या मजल्यावरची काकू