आमच्या यंत्रांना बोलू द्या: केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

महोदय,

सादर नमस्कार. दिवाळीच्या शुभेच्छा उशिरा देतो आहे, क्षमा असावी. आमच्या घरी यंदा आकाशकंदील लागला, बाकी सण असा झालाच नाही.

17 ऑक्टोबर 2025, वसुबारस. त्या दिवशी ओझरहून, एचएएलच्या नाशिक कारखान्यात तयार झालेले तेजस मार्क 1ए हे लढाऊ विमान पहिल्यांदा आकाशात गेले. अंबडच्या माझ्या शेडमध्ये पोरांनी काम थांबवून मोबाइलवर ते पाहिले, टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दुपारी साडेतीनला हॉलंडच्या खरेदीदाराची मेल आली. मार्चमधल्या द्राक्षांच्या कंटेनरचे कापलेले पैसे परत मिळणार नाहीत, आणि येत्या हंगामासाठी मला दिलेली चारशे यंत्रांची ऑर्डर रद्द. कारण एका ओळीत होते: तुमचे यंत्र वाटेत अकरा दिवस गप्प होते.

हो, गप्प होते. ते का गप्प होते हे सांगण्यासाठीच हे पत्र.

मी रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये ठेवायचे, तापमानाची नोंद करणारे लॉगर बनवतो. वहीएवढी डबी. आत सेन्सर, बॅटरी, मोबाइल नेटवर्कशी जोडणारा मोडेम आणि एक सिम. द्राक्षे सकाळी काढतात, पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग करून शून्य अंशाच्या जवळ आणतात, पॅलेट लावतात, आणि माझी डबी दारापासून तिसऱ्या पॅलेटवर बांधतात. तिथून कसारा घाट, न्हावा शेवा, मग समुद्र. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, म्हणजे प्रवास आणखी लांबला. भर समुद्रात टॉवर नसतो, ते आम्हाला कळते. तिथे यंत्र नोंदी साठवून ठेवते. पण बंदर आले की त्याने बोललेच पाहिजे.

मार्चच्या त्या फेरीत वाटेतल्या एका बंदरात जहाज बदलायचे होते. कंटेनर यार्डात उतरवला गेला आणि तेरा तास त्याचा विजेचा प्लग कोणी लावलाच नाही. आतले तापमान नऊ अंशांवर गेले. यंत्राने ते नोंदवले, दर दहा मिनिटांनी. पण ते सांगायला त्याला वाटच मिळाली नाही. एक संदेश गेला असता तर एका फोनवर प्लग लागला असता.

नऊ अंश म्हणजे घरातल्या फ्रिजसारखेच की, असे कोणाला वाटेल. द्राक्षाचे तसे नसते. गरम झालेला माल पुन्हा थंड झाला की मण्यांवर दव धरते. त्या ओलीने पेटीत बुरशी रोखायला ठेवलेला सल्फरचा पॅड एकदम जास्त वायू सोडतो आणि मण्यांना देठाजवळ पांढरट डाग पडतात. देठ तपकिरी होतो. मला आलेल्या फोटोत प्रत्येक घडाचा देठ वाळल्या काडीसारखा दिसत होता. हा माल दिंडोरी तालुक्यातल्या ज्यांचा, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय अडुसष्ट. त्यांचे नऊ लाख कापले गेले. यंत्र माझे होते, शब्द माझा होता, म्हणून त्यातले साडेचार लाख मी सोन्यावर कर्ज काढून त्यांना दिले. अण्णा नको म्हणत होते. पोरीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती, ती आता दुसऱ्या हप्त्यावर गेली आहे. शेडमध्ये सात पोरं होती, आता चार आहेत. ज्या तिघांना नाही म्हणावे लागले त्यांच्यातला एक सिन्नरहून रोज येत असे, पहाटे साडेपाचला घर सोडून.

यंत्र परत आल्यावर मी त्याच्या नोंदी उघडल्या. मोडेमला विचारले की जोडला गेलास का, तर तो आकड्यात उत्तर देतो. दोन म्हणजे शोधतो आहे, तीन म्हणजे नकार मिळाला, पाच म्हणजे रोमिंगवर जोडला गेलो. अकरा दिवसांच्या नोंदीत दोन आणि तीन, दोन आणि तीन. पाच एकदाही नाही. सिम आपल्याच देशातल्या एका कंपनीचे, तेरा अंकी क्रमांकाचे, यंत्रांसाठीचे. विकताना साठ देशांत रोमिंग चालेल असे सांगितले होते. त्या बंदरातल्या नेटवर्कने त्या सिमला दारातूनच परत पाठवले आणि सिमकडे दुसरी ओळख नव्हती.

महोदय, ही दुसरी ओळख म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्या खात्यात मी ज्यांच्याशी फोनवर बोललो त्यांच्यापैकी दोघांना ते मलाच समजावून सांगावे लागले. प्रत्येक सिमला पंधरा अंकी ओळख असते. पहिले तीन अंक देशाचे, आपले 404 आणि 405. नेटवर्क ते अंक पाहते आणि त्या कंपनीशी आपला करार आहे की नाही ते बघून दार उघडते किंवा लावते. बहुओळखी सिममध्ये अशा चार-पाच ओळखी एकत्र असतात. गावोगावी सोयरे असलेला माणूस जसा एका घरी कुलूप दिसले तर दुसऱ्या घरी उतरतो, तसे हे सिम एक दार बंद झाले की दुसऱ्या नावाने हाक मारते. त्यासाठी सिममध्येच एक छोटा प्रोग्राम असतो. तो नेटवर्क गेले की वाट पाहतो, मग ओळख बदलतो आणि मोडेमला सांगतो की मला नव्याने वाच.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. खरेदीदाराने त्यांच्या नावावरची अशी दहा सिम चाचणीसाठी पाठवली होती. आमच्या सौ.चा पिठाचा स्टीलचा डबा घेतला, झाकणाला फॉइल लावला आणि गच्चीवर यंत्र त्यात बंद करून बसलो. पहिले चार दिवस ओळख बदलेचना. चूक माझी होती. दोन मिनिटे नेटवर्क मिळाले नाही की माझे यंत्र मोडेम बंद करून पुन्हा चालू करत होते. सिमचा प्रोग्राम त्याहून जास्त वेळ मोजतो, आणि प्रत्येक वेळी त्याची मोजणी पुन्हा शून्यावर. त्याची पाळी येतच नव्हती. वाट पाहण्याचा वेळ पंधरा मिनिटे केला आणि रात्री पावणेबाराला हिरवा दिवा लुकलुकला. मग एकेक शिकलो. मोडेमला एका कंपनीशी बांधायचे नाही, निवड त्याच्यावर सोडायची. रोमिंगची परवानगी चालू ठेवायची. सिमकडून येणाऱ्या सूचना ऐकायची सोय मोडेममध्ये बंद असेल तर ती आधी उघडायची, नाहीतर सिम ओरडत राहते आणि मोडेम बहिरा. ओळख बदलली की तिचा एपीएन, म्हणजे डेटा ज्या वाटेने जातो तिचे नाव, तोही बदलायचा. नाहीतर टॉवर मिळतो पण डेटा जात नाही, आणि माणूस आठवडाभर अँटेना तपासत बसतो. नकार दिलेल्या नेटवर्कची यादी सिम जपून ठेवते, ती योग्य वेळी पुसायची. बॅटरी वाचवायला यंत्र झोपेच्या मोडमध्ये फार खोल गेले तर सिमची मोजणीही झोपते. शोध अपयशी ठरला की लगेच पुन्हा शोधायचे नाही, अंतर वाढवत न्यायचे, नाहीतर तीस दिवसांची बॅटरी सहा दिवसांत संपते.

नंतर दोन यंत्रे घेऊन घाटात गेलो. एकात आपले सिम, दुसऱ्यात पाहुणे. इगतपुरी सोडल्यावर आपले सिम आपल्या एकाच कंपनीचा टॉवर शोधत राहिले, बरेच अंतर मुके. पाहुण्या सिमने त्याच वळणांवर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे टॉवर धरले, कारण ते रोमिंगवर होते. माझ्या देशात, माझ्या जिल्ह्यात, बाहेरच्या सिमला तीन दारे उघडी आणि माझ्या सिमला एक! 17 जानेवारी 2025 रोजी सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर सगळ्या कंपन्यांच्या सिमना सेवा देण्याची योजना सुरू झाली. चांगलीच आहे. पण ती त्या टॉवरपुरतीच. मुंबई-आग्रा महामार्गावरून मालाने भरलेले ट्रक दिवसरात्र जातात, त्यांच्यातल्या यंत्रांचे काय?

ती दहा सिम चाचणी झाल्यावर मी परत केली. ती माझी नव्हतीच. आता प्रश्न असा की, नाशिकमध्ये बनलेल्या आणि परदेशी जाणाऱ्या यंत्रात मी असे सिम इथेच, माझ्या नावावर, सगळी कागदपत्रे देऊन बसवू इच्छितो. परवाना कोणाचा? कोणाकडून? लोक म्हणतात, यंत्र सिमशिवाय पाठवा, तिकडे बसवतील. माझी डबी पाणी जाऊ नये म्हणून सीलबंद असते, ती तिकडे उघडायची? आणि मुळात या यंत्राचे काम दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये सुरू होते. रॉटरडॅमला पोहोचल्यावर सिम घालून मी काय मोजू?

2017 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, यंत्रांच्या सिमवर शिफारशी केल्या. बाहेरून येणाऱ्या यंत्रातले परदेशी सिम तीन वर्षे रोमिंगवर चालू द्या, असे त्यात होते. मार्च 2024 मध्ये पुन्हा शिफारशी आल्या, आता मुदत सहा महिने. म्हणजे परदेशी यंत्र इथे आले तर काय करायचे यावर दोनदा विचार झाला. आमचे यंत्र बाहेर जाईल तेव्हा काय, याचे चर्चापत्र निघाले ते जुलै 2025 मध्ये. ‘मेक इन इंडिया’ची घोषणा सप्टेंबर 2014 ची. मधली अकरा वर्षे आम्ही यंत्रे बनवतच होतो ना? ती बोलणार कशी, हे कोणाच्या मनात आले नाही?

गेल्या वर्षी इथल्याच एका कार्यक्रमात एका बड्या अधिकाऱ्याने व्यासपीठावरून सांगितले की निर्यातीच्या यंत्रांसाठी नियम तीन महिन्यांत येतील, उद्योजकांनी तयारीला लागावे. मी तयारीला लागलो. मोडेम मागवले, साचा बदलला, कर्ज वाढवले. तीन महिन्यांनी फोन केला तर ते टेबल बदलून गेले होते. नव्या साहेबांनी अर्ज ऑनलाइन करायला सांगितले. ऑनलाइन अर्जात माझ्या धंद्याला रकानाच नाही, ‘इतर’ निवडावे लागते. ‘इतर’ निवडले की अर्ज ज्याच्याकडे जातो तो म्हणतो, हे आमच्याकडे येत नाही.

सुरक्षेचे कारण सांगतात. मान्य आहे. परदेशी सिम कोणाच्याही हाती जाऊ नये हे मलाही कळते. म्हणूनच म्हणतो, प्रत्येक यंत्राचा आयएमईआय म्हणजे ओळख क्रमांक, प्रत्येक सिमचा क्रमांक, कोणत्या कंटेनरमध्ये गेले, कधी देशाबाहेर पडले, सगळे मी द्यायला तयार आहे. सिम फक्त डेटा पाठवू शकेल, बोलणे बंद ठेवा. पण दार तरी दाखवा! एसटी, टॅक्सी यांसारख्या नव्या सार्वजनिक वाहनांना 1 जानेवारी 2019 पासून जे ट्रॅकिंग यंत्र सक्तीचे केले, त्यात बसवलेले सिम असावे आणि एक नेटवर्क गेले तर दुसऱ्यावर जावे, असे सरकारचेच मानक सांगते. म्हणजे एका नेटवर्कवर विसंबू नये हे सरकारला ठाऊक आहे. बसला जे लागते ते द्राक्षाला का नको?

आणि आता मनातले बोलतो. 8 डिसेंबर 2023 रोजी कांदा निर्यातबंदी आली, ती रातोरात. लासलगावला ट्रॅक्टर उभे राहिले, बंदराच्या वाटेवरचे कंटेनर अडकले. त्या निर्णयाला चर्चापत्र लागले नाही, हरकती-सूचना लागल्या नाहीत. शेतकऱ्याचे बंद करायचे असते तेव्हा एक रात्र पुरते. त्याचे उघडायचे असते तेव्हा समिती, शिफारस, पुन्हा समिती. देशातल्या निर्यातीच्या द्राक्षांतली निम्म्याहून जास्त आमच्या जिल्ह्यातून जातात. यंदा मे महिन्यापासून पाऊस हटला नाही, छाटण्या लांबल्या, बागेत चिखल, औषधांचा खर्च वाढला. त्या माणसाने एवढे करून पिकवलेला घड यार्डात तेरा तास विना प्लग उभा राहतो, आणि ते सांगू शकणारे यंत्र आपल्याच नियमांच्या अभावी मुके. याचा राग येतो, महोदय. रात्री झोप लागत नाही इतका येतो.

माझे मागणे फार नाही. निर्यातीच्या यंत्रात परदेशी बहुओळखी सिम इथेच बसवण्याची एक खिडकी उघडा, छोट्या कारखान्याला परवडेल अशा शुल्काची. देशातल्या यंत्रांच्या सिमना घाटात, रानात दुसऱ्या कंपनीचा टॉवर धरू द्या. आणि ज्या कंपन्या यंत्रांसाठी रोमिंग विकतात त्यांना कोणत्या देशात कोणत्या नेटवर्कशी करार आहे हे लेखी द्यायला लावा. ‘साठ देश’ एवढ्यावर कोणी अण्णांचा माल समुद्रात सोडू नये.

जानेवारीत दिंडोरीतून पहिले कंटेनर निघतील. माझा अर्ज आपल्या कार्यालयात एप्रिलपासून आहे. उत्तर ‘नाही’ असेल तरी चालेल, पण लेखी द्या आणि डिसेंबरच्या आत द्या. शेड चालू ठेवायची की भाड्याने द्यायची, हे मला त्या चार पोरांना सांगायचे आहे.

आपला,
एक लघुउद्योजक,
अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक