बंदी नको, वेगाला लगाम हवा

उत्तर आयर्लंडच्या डनलॉप घराण्यातले तिघे मोटारसायकल शर्यतींनी नेले: २००० मध्ये जोई, २००८ मध्ये त्याचा भाऊ रॉबर्ट, २०१८ मध्ये रॉबर्टचा मुलगा विल्यम. रॉबर्ट गेल्यावर दोनच दिवसांनी त्याचा धाकटा मुलगा मायकेल, बापाचा जीव घेणाऱ्या त्याच ‘नॉर्थ वेस्ट २००’ शर्यतीत उतरला आणि जिंकला! याला वेड म्हणावे की श्रद्धांजली, मला ठरवता येत नाही. मात्र अशा शर्यतींवर बंदी घालण्याची मागणी पटत नाही. हे लोक जाणूनबुजून जिवावर उदार झालेले असतात. जबाब आयोजकांनी द्यावा. आइल ऑफ मॅन बेटाच्या रस्त्यांवर होणाऱ्या ‘आइल ऑफ मॅन टीटी’ शर्यतीत दगडी भिंती आणि खांबांमधून गाड्या ताशी तीनशे किलोमीटरने धावतात. २०२२ मध्ये तिथे सहा स्पर्धक दगावले, त्यांत एक बापलेकांची साइडकार (बाजूला जोडगाडी असलेली मोटारसायकल) जोडी. भिंती हलवता येत नसतील, तर इंजिनांची ताकद तरी कमी करा.

— एक मोटारसायकलप्रेमी, कोल्हापूर