विचारलं की सांगता आलं पाहिजे

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र सावकाश वाचलं. चर्चच्या मंडळीतल्या प्रशिक्षणात सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, सांगण्यासाठी पाठ करून घेतलेलं भाषण तुझ्या तोंडून निघतच नाही, आणि शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं बसणाऱ्या सहकाऱ्याला तू ख्रिस्ताबद्दल एक शब्दही सांगितलेला नाहीस, याची तुला टोचणी लागली आहे. मग तूच त्यावर तोड काढलीस: बोलायचंच नाही, आपलं आयुष्य काय ते बोलेल. आधाराला असिसीच्या संत फ्रान्सिसचं म्हणून ते प्रसिद्ध वाक्यही जोडलंस, ‘सुवार्ता सतत सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा.’

ते वाक्य फ्रान्सिसच्या लिखाणात कुठेही सापडत नाही. पण १२२१ मध्ये त्याने आपल्या संघातल्या संन्यासी बंधूंसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात याच विषयावर जे आहे ते मला कितीतरी उपयोगी वाटतं. सगळ्या बंधूंनी आपल्या कृतीतून उपदेश करावा, असं तो सांगतोच. पण ख्रिस्ती नसलेल्या लोकांत जाणाऱ्यांना तो दोन रीती घालून देतो. एक अशी, की वाद घालायचा नाही, भांडायचं नाही, देवासाठी सगळ्यांच्या अधीन राहायचं, आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करायचं. दुसरी अशी, की देवाला ते आवडेल असं दिसलं की वचन उघडपणे सांगायचं. हे लिहिण्याच्या दोन वर्षं आधी, १२१९ मध्ये, ख्रिस्ती आणि मुस्लिम फौजांचं धर्मयुद्ध पेटलेलं असताना तो स्वतः इजिप्तच्या सुलतानाला, अल-कामिलला, भेटायला गेला होता. म्हणजे पहिल्या, नम्र रीतीतसुद्धा तोंड उघडणं आहेच. तुझी तोड मला म्हणूनच अर्धी पटते आणि अर्धी पटत नाही.

आमच्या मंडळीतल्या एका बाईंचं सांगतो. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकीचा नवरा अचानक गेला. या तिच्या घरी गेल्या तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि जो तो समजुतीचं काहीतरी बोलत होता. या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर कपबशांचा ढीग पडला होता, तो धुतला. फोन सारखा वाजत होता; तो उचलून कोणाचा निरोप आला हे एका कागदावर लिहीत राहिल्या. पुढे विम्याचे फॉर्म भरायला तिच्या शेजारी बसल्या, कारण सही कुठे करायची हेही तिला सुचत नव्हतं. माणसं पांगली, तरी यांचं जाणं चालूच राहिलं. या सगळ्या काळात त्यांनी विश्वासाचा विषय काढला नाही. काही महिन्यांनी तिनेच विचारलं, ‘तुमच्यात मेल्यानंतरचं काय मानतात?’

बाईंनी काय उत्तर दिलं ते मी मुद्दाम विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, ‘आम्ही मानतो की येशू मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी उठला. म्हणून मरण म्हणजे शेवट नाही, असं मी धरून चालते. माझा मुलगा गेला तेव्हा याच गोष्टीने मला उभं ठेवलं. रडू मात्र थांबलं नव्हतं. तुमच्यासाठी मी रोज प्रार्थना करते.’ एवढंच. त्यावर ती काय म्हणाली हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

या उत्तरात काय काय आहे बघ. पुनरुत्थान आहे, तेही पहिल्याच वाक्यात. स्वतःचं दुःख आहे आणि ते झाकलेलं नाही. उपदेश कुठेही नाही. आता कल्पना कर, की तिने विचारलं आणि बाई नुसत्या हसून ‘देव बरं करेल’ म्हणाल्या! इतके महिने केलेल्या कामामागे कोण आहे, हे त्या बिचारीला कधी कळलंच नसतं. आपण फार चांगल्या आहोत, एवढंच श्रेय बाईंच्या पदरात पडलं असतं.

येशूचा शिष्य पेत्र बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्रात नेमकं हेच सांगतो (३:१५). तुमच्या आशेविषयी जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण सौम्यतेने. लोक विचारतील, हे तो गृहीत धरतो. आणि ते पत्र सुखात बसलेल्यांना लिहिलेलं नाही. निंदा आणि छळ सोसणाऱ्यांना लिहिलेलं आहे. अशा माणसांकडे आशा दिसली, तरच कोणी विचारणार. चौथ्या शतकात, इ. स. ३६२ च्या सुमारास, रोमन सम्राट ज्युलियनने आपल्या एका पुरोहिताला तक्रारवजा पत्र लिहिलं. त्याला ख्रिस्ती धर्म मोडून काढायचा होता. तरी त्याला कबूल करावं लागलं, की हे लोक अनोळखी माणसांशी माणुसकीने वागतात, मृतांची नीट व्यवस्था करतात, आणि स्वतःच्याच नव्हे तर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाची ही साक्ष मला कोणत्याही स्तुतीपेक्षा मोठी वाटते.

शब्दांचं तुला भय वाटतं, तर योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय पुन्हा वाच. येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांध माणसाला शेजारी विचारतात, परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी, विचारतात, पुन्हा बोलावून विचारतात. जे ठाऊक नाही त्याला तो सरळ ‘ठाऊक नाही’ म्हणतो. ठाऊक असलेली एक गोष्ट मात्र सोडत नाही: मी आंधळा होतो, आता मला दिसतं. आणखी एक बघ. सुरुवातीला तो ‘येशू नावाचा माणूस’ म्हणतो, मग ‘संदेष्टा’ म्हणतो, आणि शेवटी ‘प्रभू, मी विश्वास ठेवतो’ म्हणून त्याला नमन करतो. सांगता सांगता त्याचा स्वतःचाच विश्वास उजळत गेला. सगळं कळल्यावर बोलू, असं म्हणून तू थांबला आहेस, म्हणून हे लिहितो.

बाकी रोजचं बोलणं तर चालूच असतं. जेवणाच्या सुट्टीत गैरहजर माणसाचा विषय निघाला की तू काय बोलतोस, वरच्या साहेबाशी आणि शिपायाशी तुझा आवाज सारखाच असतो का, हे तुझा सहकारी रोज ऐकतो. सोमवारी कोणी ‘काल काय केलंस?’ असं विचारलं, तर ‘काही नाही, घरीच होतो’ कशाला म्हणायचं? ‘उपासनेला गेलो होतो’ म्हण. त्याने पुढे काही विचारलं तर सांग, नाही विचारलं तर कामाला लाग.

एक गोष्ट मात्र मला अगदी कळकळीने सांगायची आहे. त्याच्याशी मैत्री सुवार्तेसाठी म्हणून करू नकोस. गळाला लावलेलं आमिष माशालासुद्धा शेवटी कळतंच. येशूने बरे केलेले दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि आभार मानायला एकच परत आला, म्हणून येशूने उरलेल्या नऊ जणांचं आरोग्य काढून घेतलं नाही. अट घालून केलेली मदत, दबाव, लालूच, दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल, यांतलं काहीही त्याच्या नावाने करायचा आपल्याला अधिकार नाही. सहकारी काय मानतो ते मनापासून ऐक. सुवार्तिक फिलिप्पाने रथात धर्मशास्त्र वाचत बसलेल्या त्या अधिकाऱ्याला आधी विचारलं, ‘वाचता ते समजतं का?’ आणि तो माणूस जिथे वाचत होता तिथूनच सुरुवात केली. पुढचं आपल्या हातात नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, की मी लावलं, अपुल्लोसाने (त्याच्या सहकाऱ्याने) पाणी घातलं, पण वाढवलं देवाने. हे वाचलं की माझ्या छातीवरचं ओझं उतरतं, तुझंही उतरावं.

ते पाठ केलेलं भाषण तूर्त बाजूला ठेव. ‘तू ख्रिस्ती का आहेस?’ असं कोणी विचारलं तर काय सांगशील, ते तुझ्या रोजच्या बोलीत, पाच-सहा ओळींत लिही आणि मला पाठव. मीही माझं लिहून पाठवतो.

आणि हो, सहकाऱ्याची बायको दवाखान्यात आहे, असं तू पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलं आहेस. माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. आज संध्याकाळीच त्याला फोन कर. तिची चौकशी कर, रात्री तिच्याजवळ कोण थांबतं ते विचार, मुलांना शाळेत पोचवायची अडचण असेल तर ते काम अंगावर घे. मी दोघांसाठी प्रार्थना करतो आहे. तिची तब्येत कशी आहे ते मला लगेच कळव.

तुझाच,
प्रभूमधला मित्र