एकाच लेसरची अनेक उत्तरं

पवई, मुंबई

प्रिय अव्या,

दादरला तुझी गाडी लागली आणि बोलणं अर्धवट राहिलं. लेसर तोच, पोकळी तीच, मग आतला प्रकाश वेगवेगळा कसा, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर नीट बसून लिहावं असं वाटलं.

पोकळी म्हणजे प्रकाश ज्यात पुन्हा पुन्हा फिरत राहतो ती जागा, समज काचेचं कडं. प्रकाश वाढला की काचेचा अपवर्तनांक किंचित वाढतो आणि पोकळीचा अनुनाद, म्हणजे ज्या वारंवारतेला तिच्यात सर्वांत जास्त प्रकाश साठतो ती जागा, सरकतो. लेसरची शक्ती हळूहळू वाढव. आतला प्रकाश बराच वेळ मंद राहतो आणि एका क्षणी एकदम उसळतो. आता बटण उलटं फिरव. जिथे उसळला तिथे तो खाली येत नाही, बराच मागे गेल्यावर कोसळतो. मधल्या टापूत दोन्ही अवस्था टिकाऊ असतात. कुठली मिळेल, ते तू कुठल्या बाजूने आलास त्यावर ठरतं. १९७६ मध्ये गिब्ज, मॅककॉल आणि वेंकटेशन यांनी सोडियमच्या वाफेत हे दाखवलं.

मला खरं वेड लावलंय ते पुढच्या गोष्टीने. १९८७ मध्ये लुजियातो आणि लेफेव्हर यांनी या पोकळीसाठी एक समीकरण मांडलं. मी ते रोज लॅपटॉपवर चालवतो. वेगवेगळ्या वारंवारतांचा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातो, ते डिस्पर्शन. ते अनोमलस असेल, म्हणजे जास्त वारंवारतेचा प्रकाश पुढे पळत असेल, तर वरची उजळ अवस्था टिकतच नाही. पडद्यावर सरळ रेघ असते, तिच्यावर गोंगाटाचं बारीकसं कुसळ. ते कुसळ मुख्य प्रकाशातूनच ऊर्जा ओढत वाढतं आणि बघता बघता सारख्या अंतरावर शिखरं उभी राहतात. बेंजामिन आणि फेअर यांनी १९६७ मध्ये पाण्याच्या लाटांत हेच दाखवलं होतं. मरीन ड्राइव्हवरून ते दिसायचं नाही, त्याला खोल पाणी लागतं.

अस्थिरता म्हणजे टाळायची गोष्ट, असंच आपण शिकलो. मला ते पटत नाही. याच शिखरांतून पुढे एकटे सॉलिटॉन, म्हणजे आकार न बदलता फिरत राहणारे प्रकाशाचे ठोके, उरतात, खाली मंद प्रकाशाची बैठक असते. २०१४ मध्ये मॅग्नेशियम फ्लोराइडच्या रेझोनेटरमध्ये, म्हणजे अशाच एका पोकळीत, लेसरची वारंवारता सरकवताना आतली शक्ती पायऱ्या-पायऱ्यांनी उतरताना दिसली. दर पायरीला सॉलिटॉन कमी. एक, दोन, पाच, सगळ्या अवस्था त्याच लेसरवर शक्य! एकच उरला की वारंवारतांचा स्वच्छ कंगवा मिळतो, म्हणजे कंगव्याच्या दातांसारख्या सारख्या अंतरावरच्या वारंवारता.

टी.वाय.च्या मुलांकडून पहिला भाग, दोन टिकाऊ अवस्थांचा, नक्की करून घे. साधं घनसमीकरण आहे. लुजियातो-लेफेव्हर समीकरणाच्या मापात डिट्यूनिंग, म्हणजे लेसरची वारंवारता आणि अनुनाद यांतला फरक, वर्गमूळ तीनच्या पुढे गेलं की आलेख इंग्रजी एससारखा वळतो. आलेखाच्या कागदावर हाताने काढू देत. माझा प्रोग्राम मेलवर पाठवतोय.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
समीर